उजव्या हातावरचा सहावा चौकोन

सुरुवातीलाच माफी मागतो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. प्रयोगवहीतला उद्देश, साहित्य, कृती आणि निष्कर्ष यापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. एखाद्या माणसावर चार पानं लिहितात आणि ती लोक वाचतात, हेसुद्धा मला इथे आल्यावर कळलं. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, ‘वार्षिक अंकासाठी ओळखीच्या कुणावर तरी लिही, जमेल तुला.’ जमेल का, माहीत नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची परवानगी अजून घेतलेली नाही. म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही, कारखान्याचंही नाही. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो, मीही इथे तेच म्हणतो. आठवणी मागेपुढे झाल्या तर समजून घ्यावं.

मास्तर शाळेतले नव्हते. टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवण्याचं खातं ज्याच्या हाताखाली असतं त्याला सोलापुरात मास्तर म्हणतात. त्यांनी आयुष्यभर सूत रंगवलं. ते खातं बंद पडल्यावर आमच्या शेठनी त्यांना अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये बोलावून घेतलं. शेठ तिशीतले. त्यांच्या वडिलांचे माग शेजारच्या शेडमध्ये खडखडत असायचे आणि इकडे यांनी क्रीम बनवायला घेतलं होतं. आधी टाचांचं, मग हातांचं, पुढे चेहऱ्याचं. कॉलेज सुटलं की मी सायकलवरून तिथे जायचो. वजन करणं, तापवणं, ढवळणं आणि वहीत नोंद करणं ही माझी कामं. डब्या भरणं आणि लेबल लावणं नरसक्काकडे. ती आधी बिड्या वळायची. घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी तिच्या पद्धतीचं मराठी.

मी अंगानं काडीसारखा. म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव पैलवान ठेवलं.

त्या दिवशी ते उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभे होते. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि हातांवर निळ्या बॉलपेननं आखलेले चौकोन. एका हातावर आठ, दुसऱ्यावर आठ. प्रत्येक चौकोनात वेगळं क्रीम लावलेलं. कुठल्या चौकोनात काय, किती टक्के, कितव्या दिवशी काय झालं, हे सगळं एका लांब वहीत. डाव्या हातावरचे चौकोन ते स्वतः आखत. उजव्या हातावरचे आधी नरसक्का आखायची, मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. ‘फूटपट्टी धर की बे, शेतात नांगर धरलाय काय?’ असं ते आखून होईपर्यंत चालायचं.

आमच्या क्रीममध्ये आम्ल असायचं. ऐकायला भीती वाटते, पण ताकात असतं तेच लॅक्टिक आम्ल आणि उसाच्या रसात सापडतं ते ग्लायकोलिक. योग्य प्रमाणात लावलं तर वरची मेलेली कातडी सैल होऊन निघून जाते आणि खालची मऊ कातडी वर येते. प्रमाण चुकलं तर जिवंत कातडीही सोलते. या दोन्हींच्या मधली रेघ मास्तर स्वतःच्या हातावर शोधायचे. मी एकदा विचारलं, ‘मास्तर, रोज स्वतःच्याच अंगावर कशाला?’

‘जे दुसऱ्याच्या तोंडाला लावायचं, ते आधी आपल्या हाताला,’ ते म्हणाले. ‘माणूस खोटं बोलतो. मालक तर बोलतोच. कातडी बोलत नाही.’

त्या चौकोनांमुळे बाहेर लोक त्यांच्याकडे बघायचे. एकदा आम्ही दोघं शेअर रिक्षातून येत होतो. शेजारच्या माणसानं हळूच विचारलं, ‘काका, कुठला आकडा चालू हाय आज?’ मास्तरांनी हात त्याच्यापुढे धरला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘तीन नंबर जोरात हाय. सकाळपासून खाजतोय.’

लाली मोजायची त्यांची रीत मी पुस्तकात कुठेच वाचलेली नाही. त्यांनी एका पुठ्ठ्यावर लाल सुताचे अकरा तुकडे चिकटवले होते. शून्य नंबर म्हणजे न रंगवलेलं कोरं सूत. एक म्हणजे जेमतेम गुलाबी. तिथून चढत चढत दहा नंबर, शालूचा लाल. क्रीम लावल्यावर कातडी जितकी लाल होईल त्याच्या जवळचा तुकडा शोधायचा आणि नंबर वहीत लिहायचा. हे फक्त उत्तरेच्या खिडकीत, कारण थेट उन्हात सगळंच गुलाबी दिसतं म्हणे. मी भीत भीत म्हणालो, ‘आपल्या सावळ्या कातडीवर लाली कशी दिसणार?’ ते म्हणाले, ‘सावळ्यावर लाली दिसत नाही म्हणणाऱ्याला रंग दिसत नाही.’ महिन्याभरात मला तीन आणि चार नंबरातला फरक दिसायला लागला.

क्रीम टिकतं का हे बघायला मोठ्या कारखान्यांत उष्ण कपाट असतं. मास्तर एक बाटली शेडच्या पत्र्यावर ठेवायचे, एक माठाजवळ आणि एक आपल्या मोटरसायकलच्या डिकीत. पत्र्यावरची बाटली एप्रिलभर टिकली तर जगात कुठेही टिकेल, आणि डिकीतली अक्कलकोट रोडच्या खड्ड्यांतून महिनाभर जाऊन फुटली नाही तर तिला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. वहीत तसा शेराच असायचा, ‘डिकी पास’.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी. दोन्ही वेगवेगळं तापवायचं, एकत्र करून ढवळायचं, आणि मध्ये असा पदार्थ घालायचा जो दोघांना धरून ठेवतो. मास्तर म्हणायचे, ‘लग्न लावणं सोपं, नांदवणं अवघड.’ हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आधीपासून तयार असलेल्या हाताच्या क्रीममध्ये मी विचार न करता आम्ल ओतलं. ते क्रीम साबणाच्या जातीच्या पदार्थावर उभं होतं, आणि आम्ल साबणाला मारतं. दोन मिनिटांत दूध नासल्यासारखं झालं. खाली पाणी, वर गुठळ्या. मला वाटलं, आता कामावरून गेलो. मास्तरांनी ते फेकूही दिलं नाही. काचेच्या बरणीत भरून माझ्या टेबलावर ठेवलं आणि आठ दिवस हलवू दिलं नाही. ‘रोज बघ. रागावून उपयोग नाही, ओळख पाहिजे.’ नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘का नासलं?’ मी सांगितलं. ‘आता धू बरणी,’ म्हणाले. तो प्रश्न पुढे परीक्षेत वेगळ्या शब्दांत आला होता. मला पूर्ण मार्क मिळाले.

मंगळवेढ्याकडच्या आमच्या घरी मेंढ्या आहेत. कॉलेजात मी हे आपण होऊन सांगत नाही. मास्तरांना बोलता बोलता सांगितलं की कातरणीच्या दिवसांत वडिलांचे हात एकदम मऊ होतात, एरवी दगडासारखे असतात. मास्तर ढवळायचं थांबले. ‘पुढच्या वेळी लोकर आण. न धुतलेली.’ मी पिशवीभर आणली. त्यांनी ती उकळली, वर आलेला पिवळट मेणचट थर काढून घेतला, गाळला आणि टाचेच्या क्रीममध्ये घालून बघितला. आठ दिवस शेडला मेंढवाड्याचा वास. शेठ नाकाला रुमाल लावून आले. ‘मास्तर, हे काय चाललंय? गिऱ्हाईक येतात इथं.’

‘शेठ, तुम्ही जो महागाचा डबा मागवता ना, लोकरीच्या चरबीचा,’ मास्तर म्हणाले, ‘तो पैलवानाच्या बापाच्या हाताला फुकट लागतो. एवढंच दाखवत होतो.’

शेवटी शेठचा डबाच वापरावा लागला, कारण वास गेला नाही. पण पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी वडिलांचा हात हातात घेऊन बघितला. ते म्हणाले, ‘काय बघतुस रं?’

मास्तर कधीच चुकत नव्हते असं नाही. एकदा नरसक्काच्या हातावर नवं लोशन लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती आली ती हात लालभडक घेऊन. मास्तरांनी पुठ्ठा लावला, आठ नंबर. त्यांच्या कपाळावर घाम आला. सगळा माल थांबवा म्हणाले. नरसक्का शांतपणे म्हणाली, ‘मला तर काय दुखत नाही मास्तर. पुतणीच्या हळदीला गेले होते काल. येताना साबणानं घासले.’ मास्तरांनी माझ्या डब्यातली लिंबाची फोड घेतली आणि तिच्या हातावर पिळली. लाल होतं ते पिवळं झालं. हळद साबणाला लागली की लाल होते, हे तर आम्हाला शाळेत शिकवलेलं. मास्तर स्टुलावर बसून हसत सुटले. ‘जन्मभर रंग केला आणि हळदीनं फसवलं की मला!’

आता ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते लिहितो.

शेठना चेहऱ्याचं क्रीम जोरात खपवायचं होतं. एक मोठा व्यापारी आठ दिवसांत फरक दाखवणारं काही तरी मागत होता. मास्तर म्हणाले, ‘आठ दिवसांत फरक फक्त चुन्यानं दिसतो. भिंतीला लावा.’ पण शेठनी लावून धरलं, आणि मास्तरांनी ग्लायकोलिक आम्लाचे आठ नमुने बनवले. उजव्या हातावर आठ चौकोन. पाचवा जळजळला, सातवा जळजळला, आठव्याला तर कातडी सोलली. सहावा गप्प. लाली शून्य, जळजळ शून्य. दोन-तीन आठवड्यांत तिथली कातडी आजूबाजूपेक्षा उजळ दिसायला लागली.

मास्तर एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. सहाव्या नमुन्याचं आम्ल त्यांनी वाढवलं. तरी जळजळ नाही. आणखी वाढवलं. तरी नाही. आणि हे सगळे वाढवलेले नमुने ते त्याच सहाव्या चौकोनात लावत होते. रंगखात्याचा नियमच तो. ज्या सुतावर पहिली छटा काढली, पुढच्या सगळ्या त्याच सुतावर काढायच्या, नाही तर तुलना खोटी. सुताच्या बाबतीत तो नियम बरोबर असणार. मीही तेव्हा मान डोलावली.

माझ्या हातावर तेच क्रीम दोन मिनिटांत झोंबलं. लाली पाच. नरसक्काला सहा, आणि तिसऱ्या दिवशी पापुद्रा निघाला. मास्तरांनी दोन्ही आकडे वहीत प्रामाणिकपणे लिहिले आणि म्हणाले, ‘तुमचं सूत कच्चं आहे. माझं मुरलेलं.’ शेठनी मास्तरांच्या हाताचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला. लेबलं छापून आली. चाळीस किलो माल तयार झाला आणि सोमवारी न्यायचं ठरलं.

त्याआधीच्या बुधवारी मास्तर मला म्हणाले, ‘सहाव्याच्या रेघा पुसल्यात, परत आख.’ ते हात टेबलावर ठेवून दुसऱ्या हातानं फोनवर आम्लवाल्याशी भाव करत होते, तोंड दुसरीकडे. मी आखायला लागलो तेव्हा दिसलं की उजळपणा चौकोनात मावत नव्हता. तो कडेनं बाहेर, करंगळीच्या बाजूला, कोपराकडे गेला होता. क्रीम तर तिथे कधी लावलंच नव्हतं. त्यावरचे केसही विरळ झालेले. मी चारही बाजू आखल्या. टोक जरा जोरातच लागलं होतं. मास्तरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘काढ की बे, वाट कुणाची बघतोस?’

चौकोन काढून झाला होता.

आमच्या गावात आशाताई घरोघर तपासणीला येतात. अंगावर फिकट चट्टा आहे का, तिथे स्पर्श कळतो का, असं विचारतात. डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक टेकवतात. लहानपणापासून हे बघितलेलं. मला आठवलं, महिन्यापूर्वी मास्तरांनी गरम पातेलं उजव्या हाताच्या आधारानं उचललं होतं आणि फोड आल्याचं त्यांना संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा कळलं होतं. हल्ली त्यांच्या हातून चमचे पडत होते, तेही आठवलं.

दोन दिवस तसेच गेले. कुणाशी काय बोलणार? मी शिकाऊ, ते मास्तर. शुक्रवारी नरसक्काला सांगितलं. तिनं हातातलं लेबल खाली ठेवलं. ‘पेद्द रोगम,’ ती हळूच म्हणाली. तिच्याकडे मोठा आजार म्हणतात कुष्ठरोगाला. ‘नक्की काय तम्मुडू?’ तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ.

‘नक्की डॉक्टर सांगतील. पण तिथं त्यांना कळत नाही, हे नक्की.’

‘मग सांग.’

‘तुम्ही सांगा ना अक्का. तुमचं ऐकतील.’

‘मी सांगितले तर अडाणी बाई म्हणून सोडून देतील. तू शिकतो ना? मग तुझं शिकलेलं कशाला ठेवला? आणि हे क्रीम सोमवारी बायकांच्या तोंडावर जाणार. माझा हात बघितला ना तू?’

शनिवारी दुपारी शेठ नव्हते. मी मास्तरांना म्हणालो, ‘एक प्रयोग करायचा का? डोळे मिटायचे. मी पेनाचं टोक टेकवीन तसं मोजायचं.’

‘खेळ काय बे हा?’

‘दोनच मिनिटं.’

त्यांनी हसत डोळे मिटले. मी डाव्या हातावर टोक टेकवलं. ‘एक,’ ते म्हणाले. ‘दोन. तीन. चार.’ मग उजव्या मनगटाजवळ. ‘पाच.’ अंगठ्याच्या बाजूला. ‘सहा.’ मग मी पेन सहाव्या चौकोनात टेकवलं. मास्तर गप्प. उचलून परत टेकवलं, जरा दाबून. शेजारचे माग चालू होते. मास्तर तसेच डोळे मिटून बसले होते, चेहऱ्यावर हसू, पुढच्या स्पर्शाची वाट बघत.

‘दमलास काय पैलवान? सातवा कुठाय?’

‘डोळे उघडा मास्तर.’

त्यांनी उघडले. पेन चौकोनाच्या मध्यावर होतं आणि टोकाखाली कातडीला खळगा पडला होता.

‘तितं तुमाला कळंना झालंय,’ मी म्हणालो. मी घाबरलो की माझं शुद्ध बोलणं जातं.

‘परत कर.’

मी आणखी दोनदा केलं. तिन्ही वेळा ते सहापर्यंत मोजून थांबले. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि डोळे उघडे ठेवून स्वतःच टोचून बघितलं, चौकोनात, चौकोनाबाहेर, कोपरापर्यंत. किती तरी निळे ठिपके उमटले. मग बाही खाली ओढून बटण लावलं. त्यांच्या शर्टाला मनगटाशी बटण आहे हे मला तेव्हा दिसलं.

‘कुणी शिकवलं तुला हे?’

‘आमच्या गावच्या आशाताई करत्यात. फिकट चट्टा असला अन् तितं कळत नसलं तर…’

‘पुढचं बोलू नको.’

‘गोळ्या फुकट मिळत्यात मास्तर. बरा हुतो.’

‘बोलू नको म्हटलं ना!’ ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. ‘दोन बुकं शिकलास आणि माझ्या कातडीला रोग लावतोस? उद्यापासून येऊ नको.’

मी दप्तर उचललं. दारापाशी थांबून एवढंच म्हणालो, ‘सोमवारी माल जातोय मास्तर.’ ते माझ्याकडे पाठ करून उभे होते.

पुढचं मला नरसक्कानं फोनवर सांगितलं. सोमवारी सकाळी टेम्पो दारात उभा होता. मास्तर शेठसमोर जाऊन म्हणाले, माल द्यायचा नाही, जळणार. शेठ म्हणाले, ‘आता? फोटो आहे की तुमच्याच हाताचा.’ मास्तर म्हणाले, पैलवानाला झोंबलं, नरसक्काला सोललं, वहीत आहे. शेठ म्हणाले, ते तुम्हीच म्हणालात, कच्चं सूत. टेम्पोवाला खोकी उचलायला लागला.

‘मग मास्तर काय केला माहीत आहे?’ नरसक्का म्हणाली. ‘बाही वर केला. सगळ्यांच्या समोर. टेम्पोवाला होता, मागवाले दोघं चहाला आले होते. म्हणाले, हा चट्टा क्रीमचा नाही, शेठ. हा माझा आहे. आणि पेन घेऊन टोचून दाखवले. शेठ खुर्ची मागं घेतला, तम्मुडू. एवढी मागं.’

माल गेला नाही. त्या सकाळी निघून जाण्याआधी मास्तरांनी वहीत एक पान लिहून ठेवलं होतं, ते चाळीस किलो टाचेच्या क्रीममध्ये कसं आणि कितीला किती मिसळायचं याचं. टाचेची कातडी जाड असते, तिला ते सोसतं. शेठचं नुकसान फार झालं नाही. त्यांनी मास्तरांना काढलं असंही नाही. पण त्याच दुपारी मास्तरांचं स्टूल फिनेलनं धुऊन बाहेर ठेवलं गेलं. मास्तर डबा घ्यायला परत आले तेव्हा ते स्टूल उन्हात वाळत होतं. ते बघून त्यांनी डबा घेतला आणि गेले. परत आले नाहीत.

मी भवानी पेठेत त्यांच्या घरी गेलो. दार अर्धंच उघडलं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. त्या म्हणाल्या, ‘ते गावाला गेलेत. कधी येतील सांगता येत नाही.’ मास्तरांच्या चपला दारातच होत्या. मी ‘बरं’ म्हणून परत आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा कुलूप होतं. शेजारी म्हणाले, कुठे गेले ठाऊक नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात. उपचार सुरू झाले तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर बोटं वाकतात आणि मग ती सरळ होत नाहीत. मी सांगितलं ते खरं होतं, पण सांगण्याची रीत चुकली का? पेन टेकवून, परीक्षा घेतल्यासारखं? मी त्यांना दवाखान्यात पाठवलं की लपायला लावलं? सुट्टीत घरी गेल्यावर मी आशाताईंना विचारलं. त्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, ‘सांगितलं की माणसं पळत्यात, पोरा. पळून दमली की येत्यात. समदीच येत्यात असं न्हाय.’ शेवटचं वाक्य त्यांनी सुपाकडे बघत म्हटलं.

कारखाना मी सोडला. हिवाळा गेला, परीक्षा झाली, उन्हाळा गेला. नरसक्काला अधूनमधून फोन करायचो. तिलाही काही कळलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी खोलीवर एकटाच होतो. दारात एक आरोग्यसेविका उभी. खांद्याला पिशवी, हातात फॉर्म. तिनं माझं पूर्ण नाव वाचलं, गावासकट, आणि विचारलं, ‘तुम्हीच का? एका कुष्ठरुग्णानं संपर्कातला माणूस म्हणून तुमचं नाव दिलंय. घाबरू नका. अंग तपासायचं आणि आजार होऊ नये म्हणून एकदाच गोळ्या घ्यायच्या.’

‘कुणी दिलं?’

‘नाव सांगता येत नाही. आम्ही तुमच्यापर्यंत यायला त्यांची हरकत नाही, एवढं सही करून दिलंय.’ ती खाटेच्या कडेवर बसली आणि घाम पुसत म्हणाली, ‘लोक सख्ख्या बायकोला सांगत नाहीत हो. या माणसानं एक्केचाळीस नावं लिहून दिलीत. पत्त्यांसकट. हजाम आहे त्यात, रिक्षावाले आहेत. आधीचा मालक आहे. त्याच्यापुढे लिहिलंय, लांब बसायचे, तरी तपासा. मी पाच दिवस फिरतेय नुसती.’

मला हसू आलं आणि ते आवरायला मी खिडकीकडे बघितलं. मग विचारलं, ‘औषध चालू आहे त्यांचं?’

‘दुसऱ्या महिन्याचं पाकीट चालू आहे. चुकवत नाहीत. करंगळीला व्यायाम दिलाय, तोही करतात.’

तिनं माझे हात, पाठ, पाय तपासले. वजन विचारून गोळ्या काढल्या. मी तिच्यासमोर पाण्याबरोबर घेतल्या. मग ती फॉर्म भरायला बसली आणि एका ओळीवर अडली.

‘ही एक चूक राहिलीय बघा. इथे घरचा, शेजारचा, कामावरचा, यातलं एक लिहायचं असतं. तुमच्यापुढे त्यांनी घरचा लिहायला लावलंय. आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. गडबडीत झालं असणार. कामावरचा करू ना?’

तिनं पेन उघडलं होतं.

‘नको,’ मी म्हणालो. ‘बरोबर आहे ते.’